डाव्या टाचेचा अर्ज

बूट चावतो ही काही बातमी नाही. नवा बूट चावतो, जुना झाला की सैल पडतो, आणि मधले जे चार दिवस तो पायाला बरा वाटतो त्याच चार दिवसांत त्याचा तळ जातो. त्यामुळे एका सकाळी मुलगी "बाबा, डावा बूट चावतो," म्हणाली तेव्हा नियमरावांनी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता "कापूस घाल" असं सांगितलं, यात त्यांचं फार काही चुकलं असं नाही. कुठल्याही बापानं हेच सांगितलं असतं.

पण हा बूट साधा नव्हता. त्या गावात मुलगी बारा वर्षांची झाली की तिला सरकारातून बूट मिळत. वरून जाड काळं कातडं, बाजूला पितळी बक्कल आणि तळव्यात लोखंडाची चांगली बोटभर जाडीची पट्टी. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं तर हेच बूट घालून, आणि ते पुढे जन्मभर. हेतू एकच की मुलींनी आणि बायकांनी धावू नये. चालावं, आणि तेही बेतानं. 'मुलीचे पाय जमिनीवर' हे वाक्य शाळेच्या भिंतीपासून बसच्या तिकिटापर्यंत सगळीकडे छापलेलं असे. हे कोणी सुरू केलं, कशासाठी केलं, असं विचारायची पद्धत नव्हती.

आणि नियमराव विचारणाऱ्यांतले नव्हतेच. ते पाणीपुरवठा कचेरीत मीटर विभागाचे हेडक्लार्क. नियमराव हे नाव त्यांना गल्लीनं दिलेलं, पण त्यांना ते मनातून आवडे. रिकाम्या रस्त्यावरसुद्धा पांढऱ्या पट्ट्यांवरूनच पलीकडे जाणारा माणूस. आपल्याला आजवर कुठल्याही कचेरीनं एक नोटीस धाडलेली नाही, हे ते पाहुण्यांना चहाबरोबर सांगत.

बुटांबरोबर एक नियमही होता: बूट घातलेल्या मुलीला किंवा बाईला कोणी मागं टाकून पुढं जायचं नाही. कारण कोणी पुढं गेलं की तिलाही घाई करावीशी वाटणार. म्हणजे ओलांडणारा हा चिथावणी देणारा. त्यामुळे शाळा सुटली की सगळं गाव मुलींच्या मागं अडकून पडे. वकील, पोस्टमन, बंबवाले, सगळे हात मागं बांधून मयतीला निघाल्यासारखे हळूहळू चालत. एकदा खरोखरची मयत अशी अडकली होती. तिचा काही खोळंबा झाला नाही, पण खांदेकऱ्यांचे हाल झाले.

तर कापूस घालून चार दिवस गेले आणि पाचव्या दिवशी नियमरावांना न्हाणीत वाळत टाकलेला मोजा दिसला. टाचेपाशी रक्ताचा वाळलेला डाग होता, चांगला पंजाएवढा.

"अगं, हे काय?" त्यांनी बायकोला विचारलं.

"तेच. ती सांगत होती ना," बायको म्हणाली. "लंगडायला लागलीय. चालदिन आलाय जवळ."

आता मात्र नियमरावांनी वर्तमानपत्राची घडी केली. चालदिनाला शाळेतल्या सगळ्या मुली ओळीनं मोठ्या चौकातून मंत्र्यांसमोरून चालत जात आणि चालखात्याचे निरीक्षक एकेकीची चाल तपासत. जिच्या चालीत खोट निघे तिला सुधारशाळेत धाडत. तिथून परत आलेली एक मुलगी त्यांच्याच गल्लीत होती. दारात कोणी आलं तरी ती भिंतीकडे बघून बोले. लहानपणी तीच जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली येई आणि नियमराव तिला ओरडत.

"त्यात काय एवढं," नियमराव म्हणाले. "टाचेचं कातडं थोडं मऊ करून घ्यायचं. आज संध्याकाळी होऊन जाईल."

हे वाक्य ज्यानं ज्यानं म्हणून उच्चारलंय त्याची संध्याकाळ पुढं कशी गेली, हे कोणी तरी एकदा लिहून काढायला हवं.

मुलीचं घरातलं नाव खार. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून आईनं ठेवलेलं. ती शाळेतून आली, बूट काढून घरातल्या सपाता घातल्या, आणि बूट बापाच्या हातात देताना म्हणाली, "बाबा, चांभार हात लावणार नाही."

"का नाही लावणार? पैसे देतोय मी."

चांभारानं बूट बघितले आणि आपले हातच मागं घेतले. "सरकारी माल आहे साहेब. परवानगी आणा, दोन मिनिटांत करून देतो. परवानगीशिवाय हात लावला तर माझंच दुकान उठेल."

नियमराव बूट पिशवीत घालून जिना चढत होते तोवर बातमी वरच्या मजल्यावर पोचली होती. तिथं निवृत्त हेडमास्तर राहत. त्यांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण ते कळवायचं राहून गेल्यासारखे ते अजून सगळ्यांना शिकवत.

"बूट चावतो म्हणजे तो आपलं काम करतोय," हेडमास्तर कठड्यावर रेलून म्हणाले. "माझ्या नातीलाही पहिलं वर्षभर चावला. मी म्हटलं, सोस. आता बघा कशी चालते! समईची ज्योत हलत नाही."

"पण रक्त येतंय."

"येणारच. रक्त आत राहून तरी काय करतंय?"

खालच्या मजल्यावरचे डॉक्टर खसखशीएवढ्या गोळ्यांवर जगातले सगळे आजार बरे करत. त्यांनी बूट कानाशी धरून हलवला, वास घेतला आणि दोन पुड्या बांधून दिल्या. "एक मुलीला, रोज सकाळी. दुसरी बुटात टाका." दोघांत कोणाचा दोष आहे हे अजून ठरायचं असल्यामुळे औषध दोघांनाही, असं त्यांचं म्हणणं. नियमरावांनी पुड्या घेतल्या. एखादी गोष्ट फुकट मिळाली की ती नाकारणं त्यांना उद्धटपणाचं वाटे.

दुसऱ्या दिवशी मुलीला शाळेतून घरी ठेवून आणि स्वतः अर्धी रजा टाकून ते बूट घेऊन चालखात्यात गेले. इमारत भव्य होती. खालच्या मजल्यावर उजवा बूट विभाग आणि दुसऱ्या मजल्यावर डावा बूट विभाग. डाव्या विभागातला कारकून म्हणाला, "तक्रार डाव्याची आहे ना? मग उजवा कशाला आणलात? तो खाली जमा करून पावती आणा." खालचा म्हणाला, "उजव्याची तक्रार नाही, तर जमा कसा करून घेऊ? आणि जोडी फोडायला वरच्यांची सही लागते." नियमराव चारदा वर गेले आणि चारदा खाली आले. एरवी त्यांना याचं काही वाटलं नसतं, उलट दोन विभाग वेगळे ठेवल्याचं कौतुकच वाटलं असतं. पण लोखंडी बुटांची पिशवी खांद्यावर होती. तिसऱ्या खेपेला त्यांच्या मनात आलं, हे एवढं जड आहे? आणि हे ती पायात घालते? मग कारकुनानं पुन्हा हाक मारली आणि तो विचार जिन्यातच राहिला.

शेवटी त्यांना मोठ्या साहेबांपुढं उभं केलं. साहेब सज्जन होते. त्यांनी खुर्ची दिली, चहा मागवला आणि हळुवार विचारलं, "बूट चावतो हे आपल्याला कसं कळलं?"

"मुलगी म्हणाली."

"हं. पण टाच तिचीच. म्हणजे तिचा हितसंबंध आला. तिची साक्ष कशी धरायची?"

"मग पत्नी सांगेल. ती तर बाराव्या वर्षापासून घालतेय."

"त्याही बूटधारीच की हो." साहेबांना मनापासून वाईट वाटत होतं. "नियमात काय आहे, की एखाद्या जबाबदार, तटस्थ, न घालणाऱ्या इसमानं घालून बघावा आणि चावतो की नाही ते सांगावं. आता असा इसम मिळायचा कुठं? आजवर कोणी आलाच नाही. म्हणून तर खात्याकडं आजवर एकही चावल्याची तक्रार सिद्ध झालेली नाही."

इथं नियमरावांचा स्वाभिमान जागा झाला. जबाबदार? तटस्थ? अख्ख्या गावात आपल्याइतका जबाबदार माणूस यांना सापडत नाही म्हणजे काय?

"मी घालतो," ते म्हणाले.

साहेब उठून उभे राहिले. त्यांनी नियमरावांचे दोन्ही हात हातात घेतले. मग शिपायानं नियमरावांच्या मापाचे बूट आणले. बायकांसाठी सगळी मापं तयार असत. ते पायात चढवले, बकलं लावली, आणि नियमरावांना काही समजायच्या आत दोन्ही बकलांतून तार ओवून शिशाचं सील ठोकलं.

"हे काय?"

"परीक्षा-काळ. चालदिन झाला की सील काढून अहवाल घेऊ. मधे काढले तर निकाल दूषित होतो. आणि सील तोडणं हा गुन्हा आहे, हे मी आपल्याला काय सांगावं? आपण मीटरवाले."

सगळा जन्म नियमरावांनी लोकांच्या नळांवर हेच सील ठोकण्यात घालवला होता. कोणी सील तोडलं तर ते स्वतः जाऊन पंचनामा करत. आज पहिल्यांदा नळाच्या बाजूनं विचार करायची पाळी आली.

मुलीच्या बुटांची पिशवी पुन्हा खांद्याला लावून कचेरीचा जिना ते कठड्याला धरून उतरले. रस्त्यावर आले तर मागं माणसं साचू लागली, कारण बूटधारीला ओलांडायचं नाही. बूटधारी पुरुष असला तर काय, याचा निर्णय कोणालाच करवेना. पाऊण गाव नियमरावांच्या मागून चालत होतं. एक म्हातारे गृहस्थ मागून सारखे म्हणत होते, "काका, जरा उचला की पाय!" आणि शेजारचा त्यांना दटावत होता, "असं म्हणू नका, चिथावणी होते." नियमरावांना वाटलं, जमीन दुभंगावी. पण एवढ्या लोखंडासकट आपण आत गेलो तर परत वर येणं नाही, हेही त्यांच्या लक्षात आलं.

घराचा जिना चढताना दर पायरीला ठक्क असा आवाज होत होता. बायकोनं दार उघडलं. तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला, मग खाली पायांकडे पाहिलं आणि बराच वेळ पाहत राहिली. नियमराव हसण्याची वाट बघत होते. त्यासाठी त्यांनी एक खरमरीत उत्तरही वाटेत तयार केलं होतं. पण ती हसली नाही.

"बसा," ती म्हणाली. "भिंतीला टेकून बसा. पाय वर ठेवा, नाहीतर रात्री पोटऱ्या भरून येतात."

तिनं पाण्याचं घमेलं आणलं, बुटांच्या वरच्या कडेला मऊ फडक्याची पट्टी गुंडाळून दिली आणि घोट्यावर कुठं बोट दाबायचं ते दाखवलं. हे सगळं तिला कसं माहीत, असं नियमराव विचारणार होते. वेळेवर त्यांनी तोंड मिटलं. वीस वर्षं ही बाई याच घरात या पोटऱ्या चोळत होती आणि आपल्याला वाटायचं, हिला सवयच आहे.

दुसऱ्या दिवशी कचेरीला जायचं म्हणजे पुन्हा जिना. खार शाळेला निघाली होती. बापाला पहिल्याच पायरीवर घामाघूम झालेला पाहून ती थांबली.

"बाबा, टाच आधी नका टेकू. अख्खा पाय एकदम. गुडघा किंचित वाकवा. हां. आणि श्वास रोखून धरू नका."

"श्वासाचा काय संबंध?"

"सगळा संबंध श्वासाचाच आहे. दोन पावलांना आत, दोन पावलांना बाहेर."

नियमरावांनी करून बघितलं. खरोखर बरं वाटलं. मुलगी पुढं उतरत होती, टाच दुखत असूनही, हातात दप्तर घेऊन, कठड्याला न शिवता. एवढं वजन पायात घेऊन ती अशी उतरत होती, की आवाजच होत नव्हता. ते पाहत राहिले.

"खारे," ते म्हणाले, "तू रोज असंच जातेस?"

"रोज." मग तिनं मागं वळून बघितलं. तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "बाबा, एवढं जड घालून चालायची सवय झाली ना, की ते काढल्यावर काय होतं, माहितीये?"

"काय होतं?"

"काही नाही," असं म्हणून ती खाली गेलीसुद्धा.

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नये. कचेरीत शिपाई त्यांना 'काकू' म्हणून हाक मारून लगेच जीभ चावे. हेडमास्तरांनी जिन्यात थांबवून दोन्ही हात जोडले आणि "आदर्श!" एवढंच म्हणाले. डॉक्टरांनी आणखी दोन पुड्या दिल्या. आणि बूट चावत होता. पण एक गोष्ट नियमरावांना खटकत होती. त्यांना चावत होता तो बोटांशी. टाचेला काहीच नव्हतं. सगळ्या बायकांना विचारलं तर त्यांनाही बोटांशीच. मग एकट्या खारीलाच टाचेवर का? आणि कालपर्यंत नाकासमोर चालणारी डॉक्टरांची मोठी मुलगी, तीही आता टाच उचलून का चालते? खार रोज संध्याकाळी तिच्याकडे अभ्यासाला जाई आणि परत येताना घामानं निथळत असे. गणित अवघड असेल, असं नियमरावांनी ठरवून टाकलं.

चालदिनाच्या आदल्या दिवशी मोठ्या साहेबांचा माणूस आला. मंत्रिमहोदयांना नियमरावांबद्दल कळलं होतं. एक पुरुष स्वखुशीनं बूट घालतो! खात्याला याहून मोठी शोभा ती काय? तेव्हा उद्या मुलींच्या ओळीच्या अग्रभागी नियमरावांनी चालावं, अशी आज्ञा.

"मी? मुलींच्या पुढं?"

"फोटो येईल," माणूस म्हणाला.

चालदिनाला चौक माणसांनी फुलला होता. एका बाजूला मंडप, मंडपात मंत्री, मंत्र्यांच्या मागं साहेब, साहेबांच्या मागं टाचनिरीक्षकांची फळी. या निरीक्षकांना खात्यानं हलके रबरी बूट दिले होते, पळणाऱ्या मुलीला धरता यावं म्हणून. पण गावात इतकी वर्षं कोणी पळालंच नव्हतं, त्यामुळे ते बूट नवे कोरे होते आणि वरची पोटं मात्र जुनी. चौकाच्या टोकाला दोन जुन्या गोदामांमधून जेमतेम हातभर रुंद बोळ होता. बोळातून बाहेर पडलं की पूल, आणि पुलापलीकडे टेकडीचा रस्ता.

नियमराव सगळ्यांच्या पुढं. मागं मुली, ओळीनं. बँड वाजत होता. नियमराव दोन पावलांना श्वास आत, दोन पावलांना बाहेर असे निघाले. मंडप मागं पडला. फोटो निघाला. बोळाचं तोंड समोर दिसू लागलं, तिथून वळून परत यायचं होतं. आणि त्यांच्या लक्षात आलं की मागून पावलांचा आवाज येत नाहीये.

त्यांनी वळून पाहिलं.

सगळ्या मुली खाली वाकल्या होत्या. टक् असा आवाज झाला, सगळ्या बकलांचा मिळून एकच. मुली उभ्या राहिल्या आणि बुटांतून बाहेर पडल्या. उन्हानं तापलेल्या फरशीवर त्यांचे पाय. गोरे, काळे, फोड आलेले, पट्ट्या बांधलेले पाय.

मग त्या धावल्या.

नियमरावांनी आयुष्यात मुलींना धावताना पाहिलं नव्हतं असं नाही. दुडदुडणाऱ्या पोरी सगळेच पाहतात. पण हे ते नव्हतं. या पोरींनी वर्षानुवर्षं पायात लोखंड वाहिलं होतं. जिने चढले होते, उतरले होते, तळघरात नाहीतर डॉक्टरांच्या मागच्या अंगणात लोखंडासकट धावायचा सराव केला होता. तेव्हा त्यांना कळलं, गणित अवघड नव्हतं, आणि टाच का सोलवटली होती तेही कळलं. ज्या खात्यानं यांना जमिनीला खिळवायला लोखंड दिलं, त्यानंच यांच्या मांड्यांत हे बळ भरलं होतं. आता ते लोखंड फरशीवर पडलं होतं आणि मुलींचे पाय जमिनीला लागताहेत की नाही हेच दिसत नव्हतं. त्या नियमरावांच्या दोन्ही अंगांनी गेल्या. वारा आला, धूळ आली, वेण्या आल्या, कोणाचा तरी हात खांद्याला ओझरता लागला. सगळ्यांच्या पुढं खार होती. डावा पाय रक्ताळलेला आणि तोंडभर हसू.

"बाबा, श्वास घ्या!" ती ओरडली आणि बोळात शिरली.

नियमरावांनी श्वास घेतला. मघापासून तो घ्यायचाच राहिला होता.

ओळ गेली. चौकात राहिले ते बूट. जोडीनं, ओळीनं, टाचा जुळवून उभे. जणू न दिसणाऱ्या मुली अजून शिस्तीनं उभ्याच आहेत. मंत्री त्या बुटांकडे बघून टाळ्या वाजवायला लागले होते, त्यांचे हात मधेच थांबले. मग साहेब किंचाळले, "धरा!"

निरीक्षक मंडपातून सुटले. नियमराव बोळाच्या तोंडाशी उभे होते. बाजूला गोदामाचा ओटा होता. दोन पावलं सरकून ओट्याला टेकलं असतं तर काम झालं असतं, आणि कोणी काही बोललंही नसतं. त्यांनी ओट्याकडे बघितलं. मग सरळ समोर बघून ते बोळात शिरले आणि चालू लागले. अख्खा पाय एकदम. गुडघा किंचित वाकवून.

"बाजूला व्हा!" मागून पहिला निरीक्षक ओरडला.

"होतो ना," नियमराव म्हणाले. "बोळ संपला की होतो."

"अहो, लवकर चला!"

नियमराव थांबले. "म्हणजे तुम्ही एका बूटधारीला घाई करायला सांगताय?"

"तसं नाही हो, पण पोरी..."

"तसं नसेल तर कसं ते लेखी द्या. आणि ओलांडायचं असेल तर तेही लेखी द्या. मी सीलबंद आहे, परीक्षा-काळात आहे, साहेबांच्या सहीनं. माझा निकाल दूषित झाला तर कोण जबाबदार? तुमचं नाव काय?"

मागं सगळी फळी एकामागं एक बोळात अडकली. कोणी तरी मागून ढकलत होतं, कोणी तरी "नियम काय आहे?" असं विचारत होतं, आणि नियम काय आहे हे सगळ्यांना नको तितकं नीट माहीत होतं. नियमराव चालत राहिले. त्यांच्या सगळ्या नोकरीत त्यांनी कुठलंही काम इतक्या सावकाश आणि इतक्या मन लावून केलं नव्हतं. ते बोळातून बाहेर आले तेव्हा पूल रिकामा होता. टेकडीच्या रस्त्यावर धुळीचा एक लांबलचक पट्टा तेवढा तरंगत होता.

त्यानंतर जे झालं ते नियमरावांनाही अपेक्षित नव्हतं. चौकात ध्वनिक्षेपकावरून पुकारा झाला की पालकांनी पुढं यावं आणि आपापल्या मुलीचे बूट ओळखून द्यावेत. म्हणजे कोणी कोणी पळालं ते कळेल. पहिले उठले हेडमास्तर, कारण बोलावल्यावर पहिलं उठायची त्यांची सवय. ते काठी टेकत बुटांच्या ओळीपाशी गेले. नातीच्या बुटांसमोर उभे राहिले. सगळ्या गल्लीला ते बूट माहीत होते, बकलाला तिनं निळा दोरा बांधलेला असे. हेडमास्तर वाकून बघत राहिले. बुटाच्या आत कापूस होता, लाल झालेला.

"हे माझ्या नातीचे नाहीत," हेडमास्तर म्हणाले. घसा खाकरून पुन्हा म्हणाले, "नाहीत. ती घरी अभ्यास करतेय."

मग डॉक्टर उठले. बूट उचलून त्यांनी सवयीनं कानाशी धरला. "आमचा नाही," ते म्हणाले. मग एकेक आई, एकेक बाप. नाही, नाही, आमचा नाही. साहेब घामाघूम झाले. शेवटी मंत्र्यांनीच मार्ग काढला. आपल्यासमोर मुली धावल्या असं कागदावर आलं तर जबाब कोणी द्यायचा? संध्याकाळी निवेदन निघालं, की चालदिन शांततेत पार पडला आणि काही बेवारस बूट खात्यात जमा झाले. कागदावर त्या दिवशी एकही मुलगी धावली नव्हती. जी धावलीच नाही तिला सुधारशाळेत कसं धाडणार?

ऊन कलायला लागलं तशा मुली परत येऊ लागल्या. धुळीनं माखलेल्या, अनवाणी, दोघी-दोघी, तिघी-तिघी. गल्लीत दारं उघडत होती आणि मिटत होती. हेडमास्तरांची नात आली. डॉक्टरांची मोठी आली. खार आली नाही.

"ती सगळ्यांत पुढं होती, काका," डॉक्टरांची मोठी म्हणाली. ती अजून धापा टाकत होती. "पाय दुखतोय का विचारलं तर हसली. मग आम्हाला दिसेनाशीच झाली. टेकडीच्या पलीकडे गेली."

नियमराव उठले. सील अजून तसंच होतं. खातं बंद, साहेब मंत्र्यांकडे. ते जिना उतरून दारापर्यंत आले तेवढ्यानंच त्यांच्या पायांत गोळे आले. मागून बायको आली. ती पायरीवर बसली, सवयीनं बूट पुढं ओढले, एकात पाय घातला. बक्कल हातात धरून ती क्षणभर थांबली. मग तिनं पाय बाहेर काढला, बूट भिंतीशी नीट लावून ठेवले आणि उभी राहिली.

"अगं..."

"तुम्ही या मागून," ती म्हणाली. "सावकाश या. पोटऱ्या सांभाळा."

आणि ती रस्त्यावर आली. पहिली चार पावलं ती चालतच गेली. पाय हलके झालेत हे पायांना कळायला तेवढा वेळ लागला. मग तिनं पदर खोचला आणि ती धावायला लागली. नियमरावांच्या ओठांवर 'पडशील' आलं होतं, ते तिथंच राहिलं. लग्नाला वीस वर्षं झाली, आणि ही बाई अशी धावू शकते हे त्यांना ठाऊक नव्हतं. संसारातल्या सगळ्या गोष्टी ठाऊक आहेत असं ते धरून चालले होते. ती धावत होती, हात मोकळे, मान ताठ, पाठीवर अंबाडा सुटून वेणी झालेली. रस्त्यावरची माणसं भिंतींना चिकटून उभी होती. माडीवर हेडमास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि घाईघाईनं पुन्हा लावला. काही चुकायला नको होतं त्यांना.

नियमराव जड पाय उचलत तिच्या मागून निघाले. त्यांचे डोळे तिच्यावरून हलत नव्हते.

ती रस्त्याच्या वळणाशी पोचली तेव्हा वळणापलीकडून कोणी तरी जोरात हाक मारली, "आई!" आणि तिचा वेग आणखी वाढला.